नियम आपलेच, हार कुणाची?

मंडळी, या वीकेंडचा विषय वाचून काही जण म्हणतील की या माणसाला शनिवार-रविवारी दुसरं काम नाही. विषय आहे व्हिडिओ गेम खेळताना स्वतःवर जादा नियम लादून घेणं, आणि अशा खेळात सपशेल हार झाली की काय करायचं. निबंध इतिहासाचा आहे, आणि तो बारामती-इंदापूरवरून जाणार आहे. कसा ते बघा.

आधी गेमवाल्यांची गोष्ट. २०१० साली निक फ्रँको नावाच्या तरुणाने 'पोकेमॉन रूबी' खेळताना स्वतःला दोन नियम घालून घेतले. एक, लढाईत पोकेमॉन बेशुद्ध पडला की तो मेला असं समजायचं आणि सोडून द्यायचा. दोन, प्रत्येक नव्या भागात जो पहिला भेटेल तोच पकडायचा, निवड करायची नाही. या खेळावर त्याने चित्रकथा काढली, ती लोकांना आवडली आणि या प्रकाराला 'नझलॉक' हे नाव पडलं. नझलीफ नावाचा पोकेमॉन आणि 'लॉस्ट' मालिकेतला जॉन लॉक, या दोघांची ती खिचडी आहे.

पुढे त्यात आणखी एक नियम सर्रास मानला जाऊ लागला. बरोबरची सगळी टीम एकदम गारद झाली की रन संपला. गेमर मंडळी याला 'वाइप' म्हणतात. तीस-चाळीस तास घालवलेले असतात, पोकेमॉनना नावं दिलेली असतात, आणि एका लढाईत सगळं साफ.

आता गंमत बघा. गेमला हे काहीच माहीत नसतं! मूळ 'रूबी'मध्ये सगळे पोकेमॉन बेशुद्ध पडले तर निम्मे पैसे कापले जातात, बरे होऊन तुम्ही पुन्हा रस्त्याला लागता आणि खेळ पुढे चालू. म्हणजे मशीनच्या लेखी तुम्ही हरलेलेच नाही. हरलात असं म्हणणारा जगात एकच माणूस आहे, तो म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही गप्प बसलात तर कुणाला पत्ताही लागणार नाही.

याच्या आधीची पिढी वेगळी होती. १९८० च्या सुमाराला युनिक्सवर 'रोग' नावाचा गेम आला. त्यात मेलं की मेलं, सेव्ह केलेली फाइलही पुसली जायची. तिथे शिक्षा प्रोग्रामच करायचा. लोकांनी अर्थातच पळवाट काढली. फाइलची कॉपी आधीच करून ठेवायची, मेलो की ती परत आणायची. (आपल्या जमातीला बॅकअपचं महत्त्व कुणी सांगायला लागत नाही, फक्त प्रॉडक्शनच्या बाबतीत ते विसरायला होतं.) पण 'रोग'मधली पळवाट म्हणजे प्रोग्रामला फसवणं. नझलॉकमधली पळवाट म्हणजे स्वतःला फसवणं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता बारामती.

कऱ्हेच्या काठच्या या गावात अठराव्या शतकात एक माणूस राहत होता. मला विचाराल तर तो महाराष्ट्रातला सर्वात मोठा चॅलेंज रनर. कविवर्य मोरोपंत. मोरेश्वर रामचंद्र पराडकर. जन्म १७२९, पन्हाळगडावर. शिक्षण तिथेच, केशव आणि गणेश पाध्ये या विद्वान बंधूंकडे. वयाच्या चोविशीच्या आसपास ते बारामतीला आले आणि १७९४ मध्ये वारले तोपर्यंत बारामतीकरच राहिले. आश्रय बाबूजी नाईकांचा, काम पुराण सांगण्याचं. म्हणजे पक्की नोकरी, ठरलेलं गिऱ्हाईक, आणि उरलेल्या वेळात साइड प्रोजेक्ट.

त्यातला एक साइड प्रोजेक्ट म्हणजे अख्खं महाभारत आर्या वृत्तात. सुमारे १७ हजार आर्या! त्यांची आर्या बहुतेक गीती प्रकारची असते, म्हणजे मात्रांचा हिशोब १२-१८-१२-१८. हा लूप १७ हजार वेळा चालवायचा आणि प्रत्येक वेळी अर्थ, व्याकरण आणि यमक यांची टेस्ट पास करायची.

पण आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्यांच्या रामायणांचा. पंतांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. १०८ रामायणं रचली असं परंपरा सांगते, आणि त्यातली बरीच आजही छापील मिळतात. गोष्ट तीच, पात्रं तीच, शेवट सगळ्यांना पाठ. मग बदलायचं काय? नियम! कधी वृत्त वेगळं, कधी मंत्राची अक्षरं ओळींतून ओवायची, तर कधी आणखी काही अट. एखादा गेम पूर्ण झाल्यावर 'आता तलवार न वापरता' किंवा 'आता एकही फटका न खाता' असं म्हणत पुन्हा सुरू करणाऱ्या पोराचं आणि पंतांचं गोत्र एकच.

यातलं सर्वात अवघड मला वाटतं ते निरोष्ठ रामायण. निरोष्ठ म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं बंद. कडक अर्थ घेतला तर उ, ऊ, ओ, औ आणि व यांच्यावरही संशय घ्यावा लागतो, पण आपण पाचच धरू. आता आरशासमोर उभे राहा आणि 'राम' म्हणा. मिटले ना ओठ? म्हणजे रामायणात रामाचंच नाव घेता येत नाही! लक्ष्मण गेला, भरत गेला, सुमित्रा गेली, हनुमान गेला, बिभीषण आणि कुंभकर्णही गेले. रावण मात्र शाबूत. सीता आणि जानकी चालतात, दशरथ आणि कैकेयी चालतात. माता नको, जननी घ्या. पिता नको, तात घ्या. बाण मारायचा नाही, शर सोडायचा. समुद्रावर पूल बांधता येत नाही, सागरावर सेतू घालता येतो. आणि मराठी वाक्याचा निम्मा गाडा ज्यावर चालतो ते मी, माझा, पण, मग, म्हणून हे सगळे शब्द बाद.

हा खेळ पंतांनी शोधून काढलेला नाही. दंडीच्या 'दशकुमारचरित' या संस्कृत ग्रंथात सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली कथा ओष्ठ्य अक्षरं टाळून सांगतो, कारण प्रेयसीने त्याच्या ओठाला चावा घेतलेला असतो आणि ओठ दुखत असतो. तिथे नियमाला निदान एक कारण तरी आहे. तिकडे फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेक या लेखकाने १९६९ मध्ये अख्खी कादंबरी लिहिली 'ई' हे अक्षर न वापरता, आणि फ्रेंचमध्ये तेच सगळ्यात जास्त येणारं अक्षर. काळ वेगळे, भाषा वेगळ्या, खाज तीच.

या खटाटोपाला नावं ठेवणारेही होते. ही कविता नव्हे, शब्दांची कसरत आहे असा आक्षेप पंतांवर बराच झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त पंतांची बाजू घेऊन सविस्तर लिहिलं. तो वाद आजही संपलेला नाही आणि आपल्याला तो सोडवायचाही नाही. आपला प्रश्न साधा आहे. पंत निरोष्ठ लिहीत असताना एखादा 'म' घुसला तर काय होत असेल?

उत्तर सोपं आहे. खोडायचं आणि ओळ पुन्हा लिहायची. कवितेला अनडू असतो. लेखणीतून शंभर वेळा चूक होऊ दे, शेवटी पोथीत जे उतरतं तेवढंच वाचकाला दिसतं. पंतांच्या फसलेल्या ओळी आपल्यासमोर नाहीत. म्हणून स्वतःहून घातलेल्या नियमांचे दोन वेगळे प्रकार मानायला हवेत. एकात चूक दुरुस्त करता येते आणि फक्त शेवटचा निकाल मोजला जातो. दुसऱ्यात प्रत्येक क्षण मोजला जातो आणि गेलेला क्षण परत येत नाही. नझलॉक दुसऱ्या प्रकारचा. रोज पळायला जाण्याचा नेम दुसऱ्या प्रकारचा. हार खऱ्या अर्थाने शक्य आहे ती इथेच.

आणि हरण्याच्या बाबतीत पंतांच्या आश्रयदात्याकडे बघायला हवं. बाबूजी नाईक हे बडे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे थोरल्या बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे यजमान. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव वारले तेव्हा पेशवेपदासाठी रघूजी भोसल्यांनी बाबूजींचं नाव पुढे केलं. शाहू महाराजांनी जूनमध्ये वस्त्रं दिली ती बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना. पुढे बाबूजींनी कर्नाटकचं काम अंगावर घेतलं, तेही साधलं नाही, आणि १७४६-४७ मध्ये त्या भागात मोहीम केली ती पेशव्यांच्या घरातल्या सदाशिवरावभाऊंनी. ही हार सगळ्या दरबाराने पाहिली. इथे 'मी हरलोच नाही' असं म्हणायची सोयच नव्हती, कारण वस्त्रं कुणाच्या अंगावर आहेत ते दिसत होतं.

आपल्या खाजगी नियमांचं नेमकं उलट असतं. वस्त्रं कुणालाच दिसत नाहीत. म्हणून हार मान्य करणं जास्त अवघड, आणि पळवाट जास्त सोपी. 'त्या लढाईत इंटरनेट गेलं होतं', 'तो पोकेमॉन तसा मोजायचाच नव्हता', 'महिन्याचे एकतीस दिवस असतात हे लक्षात आलं नाही' वगैरे. नियम करणारा, खेळणारा आणि पंच एकच असला की निकाल काय लागणार हे सांगायला नको.

मग यावर आपल्या लोकांनी कधी विचार केला होता का? केला होता की, भरपूर केला होता! आणि पुन्हा धागा मोरोपंतांच्याच घरी जातो. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय, म्हणजे बाबा पाध्ये, हे पंतांचे व्याही. बाबांची मुलगी पंतांच्या मुलाला दिलेली होती. या बाबा पाध्यांनी १७९० च्या सुमाराला 'धर्मसिंधु' हा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रात सण, व्रतं, तिथी यांच्या निर्णयासाठी पुढची दोन शतकं लोक हाच ग्रंथ उघडत आले. एका व्याह्याने स्वतःवर नियम लादून १०८ रन मारले, दुसऱ्याने नियमांचं डॉक्युमेंटेशन लिहिलं. दोन्ही घरांची गाठ पडणं हा योगायोगच म्हणायचा, पण काय योगायोग!

धार्मिक बाजू क्षणभर दूर ठेवा आणि व्रत या प्रकाराकडे इंजिनियरच्या नजरेने बघा. व्रत म्हणजे स्वतःहून घेतलेला नियम. सुरुवातीला संकल्प, म्हणजे काय करणार आणि किती काळ, हे मोठ्याने सांगायचं. शेवटी उद्यापन, म्हणजे रीतसर समाप्ती. आणि मधे मोडलं तर? या प्रश्नावर असल्या निर्णयग्रंथांत चक्क तीन थर आहेत.

पहिला थर अपवादांचा. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं आधीच सांगून ठेवलंय. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. शेवटचा मुद्दा बघा. आजारी माणसाने औषध घेतलं तर तो हरला नाही. पण पाणी चालतं म्हणून सारखं पाणी पीत बसलात तर मात्र उपास मोडतो! म्हणजे अपवादाचा गैरफायदा घेणारे तेव्हाही होते आणि त्यांच्यासाठी पॅच आला होता.

दुसरा थर प्रतिनिधीचा. सुरू झालेल्या व्रतात मधेच सुतक आलं किंवा अंगात ताकद राहिली नाही, तर पूजा दुसऱ्याकडून करवून घ्यायची, शरीराने पाळायचे नियम जमतील तसे स्वतः पाळायचे. रन थांबत नाही, पण तो कसा पुढे गेला हे सगळ्यांना माहीत असतं.

तिसरा थर खऱ्या हारीचा. रागाने, हलगर्जीपणाने किंवा लोभाने व्रत मोडलं तर तीन दिवस उपास किंवा मुंडण, आणि मग पुन्हा सुरुवात. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे, की शिक्षेला शेवट आहे. तीन दिवस. चौथ्या दिवशी तुम्ही पुन्हा संकल्प करायला मोकळे. आयुष्यभर तोंड लपवत फिरायची गरज नाही, आणि काही झालंच नाही असं दाखवायचीही गरज नाही.

याची तुलना आजच्या ॲपशी करा. डुओलिंगोवर रोजचा सिलसिला तुटू नये म्हणून 'स्ट्रीक फ्रीझ' मिळतं. एक दिवस बुडाला तरी आकडा तसाच. हा अपवाद आहे, पण कारण न विचारणारा. तुम्ही तापाने फणफणत होता की मॅच बघत होता, ॲपला फरक पडत नाही. दुसरीकडे गिटहबने २०१६ मध्ये प्रोफाइलवरचा सलग दिवसांचा आकडाच काढून टाकला. तेव्हा काही जण चिडले, काहींनी सुटकेचा श्वास टाकला. दोन्ही ठिकाणी हारीचं काय करायचं हा प्रश्न सुटलेला नाही. एकाने ती झाकली, दुसऱ्याने मोजणंच बंद केलं.

आता इंदापूर. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि पंढरपूरला जाताना बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांत मुक्काम करते. इंदापूर तालुक्यात बेलवाडीला आणि खुद्द इंदापुरात गोल रिंगण होतं. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला असं मानतात. वारीला या भागात नेम म्हणतात, आणि नेम म्हणजे दुसरं काय? स्वतःहून घेतलेला नियम. पायी जायचं. दरवर्षी जायचं. कुणी सक्ती केलेली नाही, न गेल्यास दंड नाही. तरी माणसं आयुष्यभर वाऱ्या मोजतात.

२०२० मध्ये हा नेम अडला. करोनामुळे पायी वारी झाली नाही. जूनमध्ये देहूत प्रस्थान झालं, पण पालखी देहूतच थांबली. ३० जूनला महाराजांच्या पादुका मोजक्या माणसांसोबत एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या, १ जुलैला आषाढी एकादशी झाली. त्या वर्षी बारामतीला मुक्काम नाही, बेलवाडीला रिंगण नाही, इंदापुरात गर्दी नाही. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या, फक्त वाखरीपासून पुढे थोडं अंतर प्रतीकात्मक पायी चालण्याची परवानगी होती. २०२२ मध्ये पालखी पुन्हा देहूहून पायी निघाली.

आता यात नेम मोडला की नाही? धर्मसिंधूच्या भाषेत बोलायचं तर हा दुसरा थर झाला. माणसं जाऊ शकली नाहीत, पादुका गेल्या. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. 'आम्ही चालत गेलो' असं कुणीही म्हटलं नाही. बसने गेलो, असंच सांगितलं गेलं, फोटोत फुलांनी सजवलेली एसटीच होती. आणि २०२२ ला सुरुवात झाली ती देहूपासून, पहिल्या पावलापासून. दोन वर्षांचा खड्डा न बुजवता, न लपवता.

मात्र एक प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर संस्था देऊ शकत नाही. समजा एखाद्या आजोबांच्या सलग चाळीस वाऱ्या झाल्या होत्या. २०२२ मध्ये ते चालले ती एकेचाळिसावी, त्रेचाळिसावी की पहिली? तिन्ही उत्तरं देता येतात. एकूण किती वेळा चाललो हे मोजायचं असेल तर एकेचाळिसावी. नेमात किती वर्षं आहोत हे मोजायचं असेल तर त्रेचाळिसावी. सलग किती हे मोजायचं असेल तर पुन्हा एकपासून. फक्त आपण काय मोजतोय हे आधी ठरवलेलं पाहिजे. हार झाल्यावर सोयीचं मोजमाप निवडलं की तिथे सगळा खेळ संपतो.

म्हणून सपशेल हार झाल्यावर काय करावं, याबद्दल या सगळ्या इतिहासातून मला जे दिसतं ते थोडक्यात सांगतो. अपवाद काय ते खेळ सुरू व्हायच्या आधी लिहा, पराभवानंतर सुचलेला अपवाद हा अपवाद नसतो. वाइप झाला की कुठपर्यंत पोचलो होतो आणि कशाने हरलो हे एका ओळीत नोंदवा, कारण पंच तुम्हीच आहात आणि पंचाने निकाल लिहायचा असतो. दुःखाला मुदत द्या, तीन दिवस पुष्कळ झाले. त्यानंतर तोच फसलेला रन नाव बदलून पुढे ढकलू नका. पुढे खेळायचं असेल तर खुशाल खेळा, पण तो नझलॉक नाही, साधा खेळ आहे असं स्वतःशी तरी म्हणा. नाहीतर सरळ नवा सुरू करा. आणि नियमच मूर्खपणाचा होता असं मनापासून वाटलं तर उद्यापन करून मोकळे व्हा, त्यातही कमीपणा नाही.

काही जण म्हणतील, एवढा विचार एका पोकेमॉनसाठी? पोकेमॉनसाठी नाहीच. ऑफिसात आपल्या कामाला डेडलाइन असते, मॅनेजर असतो, टेस्टर असतो, बग सापडला की कुणीतरी तिकीट उघडतंच. म्हणजे आपल्या बहुतेक हारी आपल्याला कुणीतरी दुसरा सांगतो. ज्या हारी फक्त आपल्यालाच माहीत असतात, त्या मोजायची सवय लागते ती असल्या फालतू वाटणाऱ्या खेळांतून आणि नेमांतून. पंतांच्या निरोष्ठ रामायणात चुकून एखादा 'म' राहिला असता तर पुराण ऐकायला बसलेल्या किती बारामतीकरांना तो कळला असता? फारच थोड्यांना. पंतांना मात्र कळला असता, आणि पुढचं रामायण त्यांनी त्या माणसासाठीच लिहायला घेतलं असतं.

तुमचा एखादा रन असा फसला असेल, गेममधला किंवा गेमबाहेरचा, तर त्याचा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. शून्य असला तरी लिहा.